‘ताप’ या रकान्यात काय काय बुडाले?

निमगाव केतकीच्या पानमळ्यात राबणाऱ्या एखाद्या बाईला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वारंवार उन्हाळी लागत असेल, म्हणजे लघवीला जळजळ होत असेल, तर त्याचा पुरावा कुठे शोधायचा? गावचे जुने सरकारी दप्तर उघडले की आधी भेटते ती जमीन.

मुंबई इलाख्याच्या जमीन पाहणीची पद्धत याच गावाच्या इंदापूर तालुक्यात घडली. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची शेतसारा आकारणी इथे फसली. मग १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्याने मोजणी केली. १८४७ च्या संयुक्त अहवालात ती पद्धत नियमबद्ध झाली. मातीच्या नऊ प्रती, सोळा आण्यांपासून उतरत जाणारे मोल, आणि चुनखडी, वाळू, उतार अशा दोषांना वेगवेगळ्या खुणा. एक दोष दिसला की जमीन एक प्रत खाली.

गावच्या दप्तरात माणसांच्या जन्म-मृत्यूचेही पुस्तक असे, ज्याला आज आपण गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक म्हणतो. अशा नोंदींवरून बनणाऱ्या सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालांत मृत्यूची कारणे मोजक्याच रकान्यांत बसवलेली आहेत : पटकी, देवी, ताप, हगवण-आमांश, श्वसनाचे विकार, इजा आणि इतर. १८९६ मध्ये प्लेग आला, त्यालाही रकाना मिळाला. खेड्यात कारण सांगत घरची माणसे आणि लिहून घेत गावकामगार. डॉक्टरचा संबंध क्वचितच.

यावरून दोन अनुमाने काढता येतात. मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला की हुडहुडी भरून ताप येतो. असा मृत्यू हिवतापाच्या मृत्यूंबरोबर ‘ताप’ या रकान्यात गेला असणार. तिथून तो आता वेगळा काढता येत नाही. दुसरे, जी बाई मेली नाही, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा जळजळ सोसत कामावर गेली, तिच्यासाठी त्या पुस्तकात ओळच नव्हती. आजार अनोळखी होता असे मात्र नाही. आयुर्वेदाने मूत्रकृच्छ्राचे, म्हणजे त्रासाने होणाऱ्या लघवीचे, आठ प्रकार केव्हाच सांगितले होते. दप्तराला फक्त मरण मोजायचे होते.

जगाचेही तसेच चालले होते. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ बर्तिलाँ यांची १८९३ ची आंतरराष्ट्रीय यादी मृत्यूच्या कारणांची होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ मध्ये त्या यादीची सहावी आवृत्ती हाती घेतली, तेव्हा जिवंत माणसांची दुखणी तिच्यात आली. दहाव्या आवृत्तीत मूत्रमार्गाच्या संसर्गाला, नेमकी जागा नोंदलेली नसेल तर, ‘एन ३९.०’ हा संकेतांक आहे. जंतू कोणता, हे सांगायला ‘बी’ गटातला जोड-संकेतांक लावता येतो. गरोदरपणातल्या संसर्गासाठी ‘ओ २३’ आहे. पण सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला, म्हणजे वैद्यकाच्या व्याख्येने तो ‘वारंवार’ ठरला, तरी ‘एन ३९.०’ पहिल्या खेपेला तोच आणि चौथ्या खेपेलाही तोच.

म्हणून वारंवारता जपण्याचे काम आजही केसपेपरावरच्या अक्षरांनाच करावे लागते. मागच्या खेपेची तारीख, लघवीच्या कल्चरमध्ये सापडलेला जंतू, कोणते औषध त्याला लागू पडले आणि कोणते नाही, या चार ओळी डॉक्टरांनी प्रत्येक वेळी लिहाव्यात आणि घरच्यांनी ते कागद एका पिशवीत सांभाळावेत. त्या ओळी नसतील तर पुढचा डॉक्टर तेच निकामी औषध पुन्हा देऊ शकतो. शेतातल्या चुनखडीची खूण या तालुक्याने पावणेदोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली. बाईच्या दुखण्याची नोंद तितक्याच काटेकोरपणे व्हायला हवी, आणि ती तिच्या हयातीत व्हायला हवी.