गोखल्यांचा हिशेब

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें नांव निघालें म्हणजे बहुतेकांस दोन गोष्टी आठवतात : १८९७ सालची माफी आणि १९१२ सालीं फेटाळलेलें सक्तीच्या शिक्षणाचें बिल. एक मानहानि आणि दुसरी हार, असें समजून त्यांचा उल्लेख जरा चोरट्या आवाजांत केला जातो. आमच्या मतें या दोहोंचें मूळ एकच आहे, आणि तें शोधल्यावांचून गोखल्यांच्या राजकारणाचा उलगडा होत नाहीं.

१८९७ सालीं वेल्बी कमिशनापुढें साक्ष देण्याकरितां ते विलायतेस गेले होते. इकडे पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तासाठीं गोरे सोजीर घरोघर शिरत होते. पुण्याहून गेलेल्या पत्रांच्या भरंवशावर, सोजिरांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप गोखल्यांनीं 'मँचेस्टर गार्डियन' पत्रांतून जाहीर केला. परत आल्यावर त्यास पुरावा पाहिजे होता, आणि तो मिळेना. पत्रें लिहिणारांचीं नांवें सांगून स्वतःपुरती सुटका करून घेणें अशक्य नव्हतें. गोखल्यांनीं तीं सांगितलीं नाहींत. त्यांनीं गव्हर्नर, प्लेगचे अधिकारी आणि सोजीर या सर्वांची बिनशर्त माफी मागितली. रँडसाहेबांचा खून नुकताच झालेला, टिळकांवर खटला भरलेला. अशा वेळीं ही माफी पुण्यास झोंबली यांत नवल नाहीं. त्या माफीची भाषा गरजेहून मऊ होती असें आम्हांसही वाटतें. लोकांचे हाल खरे होते, आणि एक आरोप सिद्ध झाला नाहीं म्हणून तेवढ्यानें ते खोटे ठरत नव्हते. परंतु जें सिद्ध करतां येत नाहीं तें लोकनायकानें बोलूं नये, आणि बोलल्यास चारचौघांत परत घ्यावें, हा नियम त्यांनीं प्रथम स्वतःस लावला. सरकारास तो लावण्याचा अधिकार त्यांस येथूनच आला.

१८९९ सालीं ते मुंबईच्या कायदेकौन्सिलांत निवडून गेले व पुढें व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत. २६ मार्च १९०२ च्या भाषणांत त्यांनीं सरकारच्या शिलकेवरच बोट ठेवलें. तिजोरींत शिल्लक पडते ती रयत सुखी आहे म्हणून नव्हे, तर तिच्यावर कर जास्त आहेत म्हणून, हा त्यांचा मुद्दा होता. मिठावरील कर पुढें मणास अडीच रुपयांवरून १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. त्या वेळीं सभासदांस अंदाजपत्रकावर बोलतां येई, मत मात्र देतां येत नसे. सरकारास जाब विचारावयाचा तर तो विचारणारी प्रजा हवी; आणि १९११ च्या शिरगणतींत लिहितां-वाचतां येणारे शेंकडा सहाच्या आसपासच होते. जिला आकडा वाचतां येत नाहीं तिला हिशेब कोण देणार?

१६ मार्च १९११ रोजीं मांडलेलें बिल या दृष्टीनें वाचावें. तें किती सावध होतें याची आज कल्पना येणार नाहीं. सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती. मुलींस ती मागाहून लागू करण्याची मुभा. तीही स्थानिक संस्थेनें स्वतः मागितली, मुलांचें कांहीं ठराविक प्रमाण आधींच शाळेंत असलें, आणि वर सरकारानें मंजुरी दिली तर! ज्याची प्राप्ति महिना दहा रुपयांहून अधिक नाहीं त्या बापाकडून फी घ्यावयाची नव्हती. खर्चाचे दोन भाग सरकारानें आणि एक भाग स्थानिक संस्थेनें सोसावा अशी मागणी होती. बडोद्यास सयाजीरावांनीं १९०६ सालीं सबंध संस्थानांत सक्ती सुरू केली होती, तेव्हां हा मनोराज्याचा खेळ नव्हता.

तरीही वेळ आली नाहीं, पैसा नाहीं, लोक नाराज होतील, असे आक्षेप आले. ते घेणारांत केवळ गोरे अधिकारी नव्हते. आपल्यापैकींही कांहीं थोर गृहस्थ होते, ही गोष्ट इतिहास लिहितांना आम्ही हळूच झांकून टाकतों. १९ मार्च १९१२ रोजीं बिलाच्या बाजूनें १३ आणि विरुद्ध ३८ मतें पडलीं. बिल पडणार हें गोखल्यांस ठाऊक होतें व त्यांनीं तें सभागृहांत बोलूनही दाखविलें. सरकारच्या विवेकावर त्यांनीं फार भिस्त ठेविली, हा टीकाकारांचा आक्षेप आम्हांस अगदींच अमान्य नाहीं. बिल इतकें नेमस्त करूनही जर तें पडावयाचेंच होतें, तर मुलींस पहिल्या कलमापासून बाहेर ठेवून काय साधलें, हा प्रश्न उरतोच.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजीं वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं गोखले वारले. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १९१८ सालीं, विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांतील म्युनिसिपालिट्यांस सक्तीची मुभा देणारा कायदा झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास, आणि मुलीसही, मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा मात्र देशांत १ एप्रिल २०१० रोजीं अमलांत आला.