मेक : विस्मरणावरचा उतारा

सॉफ्टवेअर बांधणाऱ्या कमांड-लाइन साधनांचा इतिहास वेगाचा मानला जातो; माझ्या मते तो विस्मरणाशी झगडण्याचा आहे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिले, ते एका सहकाऱ्याची सकाळ वाया गेल्यामुळे: एका फाइलमधली चूक दुरुस्त झाली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे मेकमध्ये एकदा लिहून ठेवायचे. मग ते फाइली शेवटच्या बदलल्याच्या वेळा ताडून लागेल तेवढेच पुन्हा बांधते. सगळेच पुन्हा कंपाइल करणारी साधी स्क्रिप्टही विस्मरण टाळते, मग मेकची कमाई वेगाचीच, असा आक्षेप येईल. पण रेंगाळणारी स्क्रिप्ट माणूस टाळतो, हाताने एखाददुसरी फाइल कंपाइल करतो आणि नेमका तिथेच विसरतो. वेग हवा होता तो या मोहापासून वाचवण्यासाठी.