तालीम, नमस्कार आणि परप्रांतातील मराठी माणूस

महाराष्ट्राबाहेर पडलेल्या मराठी कुटुंबाने बरोबर काय नेले, याची यादी स्मरणिकांतून नेहमी वाचावयास मिळते : गणेशोत्सव, नाटक, पुरणपोळी, दिवाळी अंक. या यादीत तालमीचे नाव सहसा नसते, याचे आम्हांस नवल वाटते. कारण मराठी माणसाने परप्रांतात नेऊन रुजविलेल्या गोष्टींत शरीर कमावण्याची सवय ही बरीच जुनी होय.

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी बाळंभटदादा देवधर हे व्यायामविद्येचे आचार्य होते. मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय त्यांना दिले जाते. 1818 साली पेशवाई बुडाली आणि श्रीमंत कानपूरजवळ ब्रह्मावर्तास जाऊन राहिले. राज्य गेले, पण आखाडा राहिला. नानासाहेब पेशवे आणि पुढे झाशीची राणी म्हणून अमर झालेली मनकर्णिका तांबे यांनी तेथेच मल्लखांबाचे धडे घेतले, असे परंपरा सांगते.

या परंपरेचे मोठे पीक आले ते बडोद्यास. तेथे जुम्मादादा नावाचे मुसलमान वस्ताद होते. त्यांची गादी चालविली त्यांचे मराठी शिष्य प्रो. माणिकराव यांनी, आणि व्यायाममंदिरास नाव दिले गुरूचेच. असा गुरुशिष्यसंबंध आज कोणी मुद्दाम आठवत नाही, आठवावयास हवा. याच माणिकरावांपाशी 1907 ते 1910 या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकला. जन्म बडोदे संस्थानातील डभोईचा. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने त्यांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि प्रयोगशाळेतील उपकरणे लावून योगक्रियांची परीक्षा आरंभिली. म्हणजे बाहेर वाढलेली विद्या महाराष्ट्रास परत मिळाली. मराठीतला दहा खंडांचा ‘व्यायाम-ज्ञानकोश’ही पुण्यामुंबईस निघाला नाही. द. चिं. मुजुमदार यांनी 1936 ते 1949 या काळात तो बडोद्याहूनच सिद्ध केला.

तथापि या अभिमानास एक दुसरी बाजू आहे. व्यायाम करीत कोण होते? शेतात राबणाऱ्यास, हमालास, गिरणीकामगारास तालमीत जाण्याची सवड फार थोडी. त्यांचे अंगमेहनतीचे काम कोणी व्यायामात धरलेच नाही. लेखणीवर जगणाऱ्या वर्गास मात्र तो मुद्दाम करावा लागे, म्हणून त्याचे शास्त्र झाले, ग्रंथ झाले. कुस्तीने ही वर्गाची भिंत पुष्कळ मोडली, तिला शाहू महाराजांसारखा आश्रयदाता लाभला. पण तालमीचा उंबरठा स्त्रियांसाठी बहुधा बंदच राहिला. जाते, उखळ, विहीर यांत त्यांचे बळ खर्च होई. पिठाची गिरणी आली, घरात नळ आला. कष्ट गेले हे उत्तमच झाले. पण त्यांच्या जागी दुसरे काही आले नाही.

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे थोरपण आम्हांस येथे दिसते. आधी त्यांनी सँडोच्या पद्धतीने उपकरणांवर व्यायाम केला. पुढे तो सोडून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. साहित्य नको, वस्ताद नको, फक्त एक माणूस आडवा होईल एवढी जागा. ते त्यांनी संस्थानातील शाळांत लागू केले, राणीसाहेबांनीही घातले, आणि 1938 साली त्यांचे इंग्रजी पुस्तक थेट लंडनहून प्रसिद्ध झाले.

सवयीचे हे महत्त्व मोजून दाखविले गेले ते तेथेच. 1953 साली डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक व वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघे एकाच गाडीवर, एकाच समाजातले. एक दिवसभर बसून, दुसरा जिन्याची चढउतार करीत. हृद्रोगाचे प्रमाण बसणाऱ्यांत अधिक निघाले.

परप्रांतातील आमचा समाज मुख्यतः बसणाऱ्यांचा आहे : रेल्वे, बँका, सरकारी कचेऱ्या, आणि आता संगणक. आजोबांचे तूप, साखरभात आणि श्रीखंड आम्ही निष्ठेने जतन केले. त्यांचे पहाटेचे जोर-बैठका मात्र प्रवासात कोठे राहिले कोणास ठाऊक! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही सुमारे 10.1 कोटी आहेत. प्रमाण नगरांत शेकडा 16.4, खेड्यांत 8.9. व्यायामाचा अभाव हे एकच कारण नव्हे, आहार आणि आनुवंशिकताही आहेच. पण आनुवंशिकता बदलता येत नाही आणि पुरणपोळी सोडा असे सांगण्याचे धैर्य आम्हांस नाही. तेव्हा उरतो तो व्यायाम.

मल्लखांब मात्र आमच्यावाचून अडून राहिला नाही. त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1981 साली भरली ती उज्जैनला. 2013 साली मध्य प्रदेशाने त्याला राज्यक्रीडेचा मान दिला. आणि अलीकडे त्या खांबावर देशाचे लक्ष वेधून घेतले ते छत्तीसगडमधील अबुझमाडच्या आदिवासी मुलामुलींनी.