एका ठिपक्याचा दिवस किती तासांचा?

ऊर्जानगरहून बोलतोय. २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आपल्या जिल्ह्यात कोण विसरेल? आकाशातून जळत्या रेघा गेल्या आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची भलीमोठी रिंग पडली. तज्ज्ञांच्या मते तो चिनी रॉकेटचा भाग. असे रिकामे भाग खाली येण्याआधी कक्षेत कोलांट्या खात असतात. लांब बाजू समोर आली की उजळ, टोक आलं की मंद. हौशी निरीक्षक स्टॉपवॉच लावून त्यांच्या कोलांट्या मोजतात.

ही युक्ती रॉकेटपेक्षा जुनी आहे. लघुग्रहांच्या बाबतीत ती गाजली १९०१ मध्ये, इरॉसमुळे.

इरॉस १८९८ मध्ये बर्लिनच्या गुस्टाव्ह विटने शोधला. तो पृथ्वीच्या बराच जवळ येतो, म्हणून १९००-०१ च्या हिवाळ्यात कितीतरी वेधशाळा त्याच्यामागे लागल्या होत्या. काढायचं होतं सूर्याचं अंतर! पण फेब्रुवारीत एगॉन फॉन ओपोल्झरने जाहीर केलं, की इरॉसचा प्रकाश काही तासांतच कमीजास्त होतो.

एका उजळपणापासून पुढच्या उजळपणापर्यंत साधारण २ तास ३८ मिनिटं. मग तोच त्याचा दिवस का? लांबट बटाटा हातात फिरवून बघा. एका फेरीत रुंद बाजू दोनदा समोर येते. म्हणजे दिवस दुप्पट, ५ तास १६ मिनिटं. पण इरॉस गोल असून एका बाजूला काळपट असेल तर? मग उजळपणा फेरीत एकदाच, आणि २ तास ३८ मिनिटंच खरी. ल्योंच्या शार्ल आंद्रेंना तर एकमेकांभोवती फिरणारे दोन गोळे दिसत होते. एकच आकडा छापणाऱ्या लॉगवरून अख्खा प्रोग्रॅम ओळखायचा, तसलं हे काम.

त्यात मे १९०१ पर्यंत चढउतार जवळपास गायबच झाले. इरॉस काही थांबला नव्हता. तोवर पृथ्वीवरून त्याचा ध्रुव समोर दिसू लागला होता, आणि भोवरा वरून पाहिला तर त्याची लांबी-रुंदी बदलत नाही.

१९०६ मध्ये हेन्री नॉरिस रसेलने गणितानं दाखवलं, की नुसत्या प्रकाशावरून आकार आणि डाग पूर्णपणे वेगळे काढता येत नाहीत. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात प्रामाणिक कागद हाच.

निकाल लागला तो जवळ गेल्यावर. नासाचं निअर यान २००० मध्ये इरॉसभोवती फिरू लागलं. खाली होता सुमारे ३४ किलोमीटर लांबीचा, मध्ये वाकलेला, एकच दगड. दिवस ५ तास १६ मिनिटांचा. फेब्रुवारी २००१ मध्ये, ओपोल्झरच्या घोषणेला शंभर वर्षं होताना, यान त्याच दगडावर उतरलं.