मातीच्या किल्ल्याखालचा सांगाडा

इंग्रजी अमदानीतील रेल्वेविषयक ग्रंथांत 'भोर घाट' हे नाव वारंवार येते, आणि भोरच्या वाचकाची तिथे हमखास फसगत होते. तो घाट म्हणजे खंडाळ्याचा बोरघाट. पंत सचिवांच्या भोरशी त्याचा संबंध नाही. १८६३ साली खुल्या झालेल्या त्या चढावर लोहमार्ग सुमारे १६ मैलांत १८३१ फूट चढला, आणि तीव्रतम ठिकाणी उतार ३७ फुटांस एक फूट इतका होता. (या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट निभावले, ही हकीकत स्वतंत्र लेखाच्या योग्यतेची आहे.) खऱ्या भोर आणि वेल्हे तालुक्यांतून मात्र आगगाडी कधी गेली नाही. पुण्याहून मिरजेकडे जाणारा मार्ग जेजुरी, नीरा, लोणंद असा पूर्वेकडून वळसा घालून जातो. या मुलखाने प्रतिकृती केली ती आगगाडीची नव्हे. दिवाळीत अंगणात केली ती किल्ल्याची.

तरीही या दोन प्रतिकृती शेजारी ठेवून पाहाव्यात असे आम्हांस वाटते, कारण दोहोंपुढचा पेच एकच आहे : डोंगर उभा कशावर करायचा?

छंद म्हणून छोट्या आगगाड्या करणाऱ्यांत जे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे, त्यात वास्तवाची ८७ पट लहान प्रतिकृती करतात. या हिशेबाने बोरघाटाचा चढ करायचा तर रूळ साडेनऊशे फुटांहून अधिक लांब आणि चढ २१ फूट होईल. एवढी जागा कोणाच्याही घरात नसते. म्हणून लांबी आखडता येते, बोगदे गाळता येतात. उतार मात्र मनाला येईल तसा वाढवता येत नाही, कारण तो जास्त झाला की खेळण्यातले इंजिनसुद्धा जागच्या जागी चाके फिरवत बसते. साधारणपणे १०० इंचांत दोन इंच चढ बरा मानतात. तो अचूक साधायचा तर रुळाखालचे लाकूड पक्के हवे. आपल्याकडे पुण्यात भाऊ जोशी यांनी १९९८ साली लोकांसाठी खुले केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय प्रसिद्धच आहे. तिथे पाहणाऱ्याचे डोळे गाडीबरोबर फिरतात. गाडी ज्यावर चालते त्या बैठकीकडे कोण पाहणार!

या बैठकीचा खोलवर विचार केला तो लिन वेस्टकॉट या अमेरिकन संपादकाने. त्याच्या आधीपासून चालत आलेली सरळ वाट म्हणजे सपाट मेज करायचे आणि त्यावर डोंगर ठेवायचे. वेस्टकॉटने मेजच काढून टाकले. दोन फळ्या काटकोनात सांधून इंग्रजी एल अक्षरासारखी तुळई करायची आणि पाय टोकांना न लावता दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे एक पंचमांश आत घ्यायचे. तुळयांवर आडव्या पट्ट्या आणि पट्ट्यांना उभे टेकू, अशी ती रचना. रूळ टेकूंच्या माथ्यावर बसतो. त्यामुळे जमीन रुळाच्या वरही जाऊ शकते आणि खालीही. दरी दाखवायला मेज कापावे लागत नाही. स्क्रू सगळे खालून मारायचे, म्हणजे वर माती-झाडे चढल्यानंतरही एखादा टेकू सोडवून हलवता येतो. पुनर्लेखनाची सोय ठेवून केलेला हा मसुदाच म्हणावा लागेल.

आता अंगणातला किल्ला घ्या. विटा, दगड, पालथी घमेली, फुटक्या कुंड्या यांचा ओबडधोबड ढीग आधी लागतो. चिखलात बुडवलेले गोणपाट त्यावर पांघरायचे, वरून चाळलेली माती लिंपायची, हळीव किंवा मोहरी पेरायची. गोणपाट पडेपर्यंतच काय ते ठरते : वीट इथे सरकवली तर माची लांबते, घमेले काढले तर खिंड पडते. हे ज्ञान मोठ्या भावाकडून धाकट्याकडे हातोहात जाते. वेस्टकॉटची तत्त्वे मासिकांतून आणि पुस्तकांतून छापली गेली; इकडे पाडव्यानंतर किल्ला मोडला की त्याची रीतही पुढल्या वर्षापर्यंत फक्त हातांत उरते. प्रमाणाची शिस्त इथे नाही हे खरे. बोटभर उंचीचा मावळा दरवाजातून शिरू शकत नाही आणि सिंहासनावरचे महाराज बुरुजाहून उंच असतात. परंतु डोंगर विटेगणिक वर येतो, ही शिस्त मात्र आहे.

आणि ती थेट राजगडाची आहे. मुरुंबदेवाच्या डोंगरावर हा गड बांधताना शिवकालीन स्थपतींनी माथा सपाट करून त्यावर किल्ला 'ठेवला' नाही. डोंगराच्या सोंडा जशा फुटल्या तशा पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या काढल्या आणि मधल्या कड्यावर बालेकिल्ला केला. संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब, आणि ती तीन टप्प्यांत उतरत नेली आहे. तिची दुहेरी तटबंदी उतारालाच धरून चालते. पलीकडे वेल्ह्यावर उभा असलेला १४०३ मीटर उंचीचा तोरणाही झुंजार आणि बुधला माच्यांनी असाच दोन बाजूंना पसरला आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत राजगड आहे (तोरणा नाही). ती नोंद 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने झाली, यातील 'भूदृश्य' हा शब्द आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

शहरात आता प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात, नाहीतर प्लायवूडच्या फळीवर थर्माकोल चिकटवून स्पर्धेचा किल्ला होतो. अंगणच नसलेल्या घरांना यावरून बोल लावण्यात अर्थ नाही. गॅलरीत चिखल कोण कालवू देईल? पण फळी सपाट असते. फळीवर राजगड, शिवनेरी आणि प्रतापगड यांतला फरक पाटीवर लिहावा लागतो. दरवाजा, सदर, सिंहासन, झेंडा एवढे तिच्यावर सहज मावते, म्हणून किल्ल्याचा इतिहास म्हणजे राज्यकर्त्यांचा प्रसंग-इतिहास, असाच अर्थ तिच्यावरून निघतो. पाणी कुठल्या खोलगटीत साठेल, तट कुठल्या सोंडेने उतरेल, पहारेकऱ्याला खालची वाट कुठून दिसेल, हे प्रश्न ढीग रचणाऱ्यालाच पडतात. साहित्याच्या वर्गात 'पार्श्वभूमी' हा शब्द आपण जितक्या सैलपणे वापरतो तितक्याच सैलपणे फळी वापरली जाते : कथानक वर, प्रदेश खाली आणि दोहोंत खिळासुद्धा नाही.

तुळशीच्या लग्नापर्यंत हळीव पिवळे पडते. मग मावळे खोक्यात जातात, विटा परसात. वाळून कडक झालेले गोणपाट ओढून काढले तर ते क्षणभर तसेच उभे राहते, आत काही नसताना तीन सोंडांचा आकार धरून.