बेडकाला न मारता प्रदूषणाची पारख: एका पद्धतीची कुळकथा

उभयचर प्राण्यांवरून प्रदूषण ओळखण्याची पद्धत त्यांच्या शरीररचनेवर उभी आहे. बेडकाची त्वचा पातळ आणि ओलसर असते. तिच्यातून तो पाणी शोषतो आणि काही प्रमाणात श्वासोच्छ्वासही करतो. त्याच्या अंड्यांना कवच नसते. बहुतेक जातींची पिल्ले, म्हणजे भैकेर, पाण्यात वाढतात आणि प्रौढ जमिनीवर वावरतात. त्यामुळे दोन्हीकडच्या रसायनांशी या प्राण्यांचा थेट संबंध येतो.

सजीवांवरून परिसर जोखण्याची कल्पना मात्र बेडकापासून सुरू झाली नाही. १८६६ मध्ये निलँडर यांनी पॅरिसमधील दगडफुलांच्या आढळावरून हवेचा दर्जा ताडला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सोन यांनी नदीतील जीवजातींवरून सांडपाण्याच्या प्रदूषणाची श्रेणी ठरवली.

उभयचर या परंपरेत आले ते दोन वाटांनी. पहिली वाट प्रयोगशाळेची. १९३० च्या दशकात लॅन्सलॉट हॉगबेन यांच्या संशोधनातून आफ्रिकी झेनोपस बेडकावर आधारलेली गर्भनिदान चाचणी रूढ झाली. त्याआधीच्या चाचण्यांत उंदीर किंवा ससे मारून तपासावे लागत. झेनोपसची मादी अंडी घालून उत्तर देई आणि विश्रांतीनंतर पुन्हा उपयोगी पडे. यामुळे हा बेडूक जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला. १९८० च्या दशकात त्याच्याच भ्रूणांवर रसायनांची विषारकता तपासणारी ‘फेटॅक्स’ ही ९६ तासांची चाचणी विकसित झाली. या चाचणीत भ्रूणांचे मृत्यू आणि व्यंगे मोजली जातात. म्हणजे इजा हेच तिचे मोजमाप.

दुसरी वाट तळ्याकाठची. १९७६ मध्ये हार्वे पाऊ यांनी न्यूयॉर्क राज्यातील हंगामी डबक्यांत ठिपकेदार सॅलमँडरच्या भ्रूणांचे मृत्यू आणि आम्लवर्षा यांचा संबंध दाखवला. १९८१ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने बेडकांच्या आवाजांची नोंद सुरू केली. पुढे १९९७ ते २०१५ या काळात अमेरिकेत अशी गणना अनेक राज्यांत झाली. स्वयंसेवक रात्री ठरलेल्या रस्त्यावरील १० थांब्यांवर प्रत्येकी ५ मिनिटे ऐकत. सुटे आवाज मोजता आले तर १, काही एकमेकांत मिसळले तर २ आणि अखंड कोलाहल असेल तर ३ असा निर्देशांक दिला जाई. यात बेडकाला हात लावावा लागत नसे.

१९८९ मध्ये इंग्लंडमधील कँटरबरी येथे भरलेल्या पहिल्या जागतिक सरीसृप-उभयचर परिषदेत उभयचरांची ठिकठिकाणची घट एकत्र समोर आली आणि अशा नोंदींचे महत्त्व वाढले. १९९५ मध्ये मिनेसोटात शाळकरी मुलांना पाय वेडेवाकडे किंवा कमी असलेले बेडूक सापडले. संशय कीटकनाशकांवर गेला. पण १९९९ मध्ये पीटर जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी रायबेरोइया या परजीवी कृमीमुळे अशी व्यंगे होतात हे प्रयोगाने दाखवले. २००७ मध्ये त्यांनीच पुढची कडी जोडली: खतांमधील पोषकद्रव्ये पाण्यात उतरली की शेवाळ वाढते, त्यावर जगणाऱ्या गोगलगायी वाढतात आणि त्यांच्यातून हा कृमी फैलावतो.

जिवंत प्राणी हाताळण्याच्या पद्धतीही बदलल्या. ओळखीसाठी बेडकाचे बोट कापण्याच्या प्रथेवर २००४ मध्ये रॉबर्ट मे यांनी ‘नेचर’ नियतकालिकातून आक्षेप घेतला. तिच्याऐवजी अंगावरील ठिपक्यांची छायाचित्रे जुळवता येतात. उभयचरांना रोग आणणाऱ्या कायट्रिड बुरशीच्या तपासणीसाठी त्वचेवरून कापसाचा बोळा फिरवणे पुरते. प्राणी थोडा वेळ स्वच्छ पाण्यात ठेवून त्या पाण्यातील संप्रेरकांवरून त्याच्यावरील ताण मोजता येतो. २००८ मध्ये फ्रान्समध्ये तळ्याच्या पाण्यातील डीएनएवरून बुलफ्रॉगचे अस्तित्व ओळखण्यात आले. २०१४ पासून इंग्लंडमध्ये तुरेवाला न्यूट या उभयचराच्या सर्वेक्षणात ही पद्धत अधिकृतपणे वापरली जाते. एका तळ्यातील रोग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून बूट आणि जाळी निर्जंतुक करणे हाही आता कामाचा भाग आहे.

उभयचरांवरून प्रदूषण ओळखण्याला मर्यादा आहेत. २०१० मध्ये जेकब कर्बी आणि सहकाऱ्यांनी विषारकतेच्या उपलब्ध चाचण्यांची तुलना केली, तेव्हा उभयचर बहुतेक रसायनांना इतर जलचरांपेक्षा विशेष संवेदनशील आढळले नाहीत. शिवाय आवाज थांबण्यामागे दुष्काळ, रोग किंवा अधिवासाचा नाशही असू शकतो. म्हणून निष्कर्षासाठी अनेक वर्षांच्या नोंदी, जवळच्या निर्मळ तळ्याशी तुलना आणि पाण्याची रासायनिक तपासणी या तिन्हींची जोड लागते. कुठे आणि केव्हा शोधायचे हे उभयचरांवरून कळते. प्रदूषक कोणता हे रासायनिक तपासणीतून ठरते.