एका फार्दिंगचा निकाल

इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरालगत बोर्नव्हिल नावाची एक वसाहत आहे. कॅडबरी घराण्याने आपल्या चॉकलेटच्या कारखान्याभोवती ती वसविली. घरोघरी बाग, मुलांना शाळा, खेळावयास मैदाने, अशी तिची आखणी. हे घराणे क्वेकर पंथाचे. गुलामांचा व्यापार बंद पाडण्याच्या चळवळीत हा पंथ पहिल्यापासून अग्रभागी होता. अशा घराण्याच्या हाती १९०१ साली एक कागद पडला. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडील साओ टोमे या बेटावरचा कोकोचा एक मळा विक्रीस निघाला होता आणि त्याच्या मालमत्तेच्या यादीत 'दोनशे काळे मजूर, किंमत ३,५५५ पौंड' अशी नोंद होती.

हे बेट पोर्तुगालच्या ताब्यात होते. त्या काळी गोव्यावर ज्यांचे राज्य होते, त्यांचेच. पोर्तुगालने कायद्याने गुलामगिरी रद्द केली होती. मळ्यावरील माणसांना 'सेर्विसाइश', म्हणजे नोकर, म्हणत. अंगोलाच्या अंतर्भागातून त्यांना आणावयाचे, किनाऱ्यावर अधिकाऱ्यासमोर पाच वर्षांचा करार करावयाचा आणि बोटीत बसवावयाचे, अशी रीत होती. करार संपे, पण मजूर परत जात नसे; कराराची मुदत त्याला न विचारताच वाढे. कागदोपत्री सारे बिनचूक होते. उणीव एवढीच, की गेलेला माणूस घरी परतल्याचे उदाहरण जवळजवळ सापडत नव्हते.

कॅडबरींच्या कोकोचा फार मोठा हिस्सा याच बेटावरून येई. विल्यम कॅडबरी १९०३ साली लिस्बनला गेले. नवा मजूर-कायदा झाला आहे, त्याचा परिणाम पाहा, नाहीतर स्वतः चौकशी करा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी चौकशीचा मार्ग पत्करला. जोसेफ बर्ट या गृहस्थांची निवड झाली. ते आधी पोर्तुगीज भाषा शिकले आणि १९०५ च्या जूनमध्ये आफ्रिकेला निघाले. माल विकणाऱ्याच्या मळ्यावर मजुराची स्थिती काय आहे, हे माल घेणाऱ्याने आपला माणूस धाडून तपासावे, या पद्धतीचा हा एक आरंभीचा प्रयोग होय.

याच सुमारास हेन्री नेव्हिन्सन हे पत्रकार एका अमेरिकन मासिकातर्फे त्याच प्रदेशात हिंडून आले. गुलामांचे तांडे ज्या वाटेने किनाऱ्याला येत, तिच्या कडेला त्यांनी लाकडी खोडे व माणसांची हाडे पाहिली. त्यांचे लेख १९०५ सालीच छापून येऊ लागले आणि १९०६ साली त्यांचे पुस्तक निघाले. बर्ट १९०७ च्या एप्रिलमध्ये परतले. त्यांचा निष्कर्ष नेव्हिन्सनहून वेगळा नव्हता. परंतु ब्रिटिश परराष्ट्र खात्याला पोर्तुगालला दुखवावयाचे नव्हते. ट्रान्सव्हालच्या खाणींना मोझांबिकचे मजूर लागत होते. अहवालाची भाषा सौम्य करण्यात आली, प्रसिद्धी लांबली आणि कोकोची खरेदी चालूच राहिली. आपण गिऱ्हाईक आहोत तोवरच आपल्या शब्दाला वजन आहे, अशी कॅडबरींची भूमिका होती. १९०९ च्या मार्चमध्ये त्यांनी, फ्राय व राउंट्री या दोन पेढ्यांसह, साओ टोमेच्या कोकोवर बहिष्कार जाहीर केला. कागद हाती येऊन तोवर आठ वर्षे लोटली होती.

'स्टँडर्ड' या वृत्तपत्राने १९०८ सालीच या विलंबावर उपरोधाने टीका केली होती. कॅडबरींनी अब्रूनुकसानीची फिर्याद लावली आणि १९०९ च्या अखेरीस बर्मिंगहॅमला खटला उभा राहिला. वृत्तपत्राचे वकील एडवर्ड कार्सन यांनी उलटतपासणीचा सारा रोख एकाच मुद्द्यावर ठेवला: ठाऊक असूनही इतकी वर्षे खरेदी का चालू राहिली? ज्यूरीने कौल कॅडबरींच्या बाजूने दिला. भरपाई मात्र एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, ठरविली. आरोप बदनामीकारक ठरला, पण अब्रूची किंमतही ठरून गेली. ज्यांच्याविषयी हा सारा वाद होता, त्यांपैकी एकही मजूर त्या न्यायालयात साक्षीला उभा नव्हता.

बर्ट यांची तपासणी खोटी नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. तपासनीस प्रामाणिक होता आणि मालकाची नियतही वाईट म्हणता येत नाही. दोष होता तो तपासणीच्या पुढच्या पायरीत. अहवाल गिऱ्हाइकाच्या दप्तरात राहिला. तो वाचून काय करावयाचे, याचे बंधन कोणावरच नव्हते.

शंभर वर्षांनंतर ही तपासणी एक स्वतंत्र व्यवसाय बनली, तरी तो दोष गेला नाही. २०१२ च्या ११ सप्टेंबरला कराचीतील अली एंटरप्रायझेस हा कपड्यांचा कारखाना जळाला आणि अडीचशेंहून अधिक माणसे मेली. कामगारांच्या सुस्थितीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र त्याला अवघ्या काही आठवड्यांपूर्वी मिळाले होते. २०१३ च्या २४ एप्रिलला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१३४ जीव गेले. तीमधील काही कारखान्यांचीही तपासणी झालेली होती. त्यानंतर मात्र बांगलादेशात वेगळी वाट धरण्यात आली. कामगार संघटना व परदेशी खरेदीदार यांनी कायद्याने बांधणारा करार केला. तपासणीचे अहवाल उघड प्रसिद्ध होऊ लागले, आणि दुरुस्ती न करणाऱ्या कारखान्याशी व्यवहार तोडणे खरेदीदारांना भाग झाले.

दोन काळांतला फरक एवढाच, आणि तो लहान नव्हे. बर्ट यांचा अहवाल ज्याने पैसे दिले त्याच्या मालकीचा होता. नव्या करारात तो, ज्याच्या डोक्यावर छत कोसळावयाचे, त्या मजुरालाही वाचता येऊ लागला.